आपण चुकतोय हे कळणार कसं?

सोयाबीनचं नवं वाण आमच्या वावरात पहिल्यांदा आलं, त्या वर्षी दादांनी ते विहिरीलगतच्या काळ्या रानात पेरलं आणि जुनं वाण वरच्या मुरमाड तुकड्यात. नवं बियाणं महागाचं, म्हणून चांगली जागा त्याला. काढणी झाली, मळणी झाली, पोती मोजली. नव्या वाणाचा एकरी उतारा जवळजवळ दुप्पट निघाला. दादांनी पारावर सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, आणि पुढच्या मृगाला निम्म्या गावाने तेच बियाणं आणलं. त्या वर्षी कुणालाच धड फरक दिसला नाही.

दादा खोटं बोलले नव्हते. पोती खरी होती, मोजमाप खरं होतं. पण हा उतारा वाणाचा, काळ्या मातीचा की विहिरीच्या ओलाव्याचा, हे त्या पोत्यांवरून कळायला मार्गच नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच तुकड्यात एकत्र आल्या होत्या.

मी पीएच.डी.च्या कोर्सवर्कला संशोधन पद्धती शिकवते. परभणी, हिंगोली, बीड, जालना अशा ठिकाणची मुलं येतात, बहुतेकांच्या घरी शेती. पहिल्या तासाला मी दादांच्या सोयाबीनची गोष्ट सांगते, कारण तासाआधीच एखाद्याने व्हरांड्यात गाठून विचारलेलं असतं, “मॅडम, माझ्या विषयाला कोणती पद्धत लावू?” पाठ्यपुस्तकात तीन नावं असतात: ऐतिहासिक, सर्वेक्षण, प्रायोगिक. त्यातलं एक उचलायचं आणि प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात त्याची व्याख्या लिहायची, अशी समजूत घेऊन मुलं येतात. मी त्यांना उलट विचारते, “तू म्हणतोस ते चूक असेल, तर ते तुला कळेल कशावरून?” या प्रश्नाचं जे उत्तर येईल ती त्याची पद्धत. व्याख्या नंतर बघू.

शेतापासूनच सुरुवात करते, कारण आज जगभर ज्या प्रयोगपद्धतीचा दबदबा आहे ती शेतातच वाढली. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांच्यापुढचा प्रश्न दादांचाच होता: कोणतं खत, कोणतं वाण खरंच चांगलं? रान कुठंच एकसारखं नसतं. एका कोपऱ्यात पाणी साचतं, दुसरीकडे मुरूम वर येतो, बांधाच्या झाडाची सावली पडते. फिशर यांनी यावर जे उपाय बसवले ते आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि बदनापूरच्या संशोधन केंद्रावरही रोजच्या वापरात आहेत. कृषीची मुलं ‘आरबीडी’ (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणतात ते हेच.

आधी रानाचे उताराला आडवे पट्टे पाडायचे, म्हणजे एका पट्ट्यातली जमीन जवळपास सारखी येते. प्रत्येक पट्ट्यात सगळी वाणं पेरायची. मग महत्त्वाचं काम: पट्ट्यातल्या कोणत्या वाफ्यात कोणतं वाण, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. चिठ्ठी कशाला, असं मुलं नेहमी विचारतात. शास्त्रज्ञाला जमीन कळते, त्याने विचार करून ठरवलेलं बरं नाही का? नाही. माणूस ज्याच्यावर जीव लावतो त्याला नकळत चांगली जागा देतो. दादांनी तेच केलं होतं. चिठ्ठीचा कुणावर जीव नसतो.

शिवाय एकेक वाण चार-पाच ठिकाणी पेरायचं. समजा, एकाच वाणाला चार वाफ्यांत एकरी ९, ११, ८ आणि १२ क्विंटल उतारा आला. बियाणं तेच, खत तेच, तरी ८ पासून १२ पर्यंत हेलकावा. हा मातीचा खेळ. आता दुसऱ्या वाणाची सरासरी पहिल्यापेक्षा एक क्विंटलने जास्त आली, तर आनंद मानायचा का? जी जमीन स्वतःच चार क्विंटलचा हेलकावा देते, तिच्यात एका क्विंटलचं काय मोठं? फरक त्या हेलकाव्यापुढे ठळकपणे उठून दिसला तरच तो वाणाचा म्हणायचा. संख्याशास्त्राच्या पुस्तकात पुढे जी सूत्रं येतात त्यांचा जीव एवढ्यात आहे. हे कळलं की सूत्रांची भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

ही चिठ्ठी शेतातून दवाखान्यात गेली. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला त्याच वर्षी, १९४८ साली, ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल छापून आले. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध आलं होतं, पण साठा तुटपुंजा होता, सगळ्यांना पुरणार नव्हता. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेल्या या चाचणीत १०७ रुग्ण होते. कुणाला औषध द्यायचं ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरलं. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. एक्स-रे तपासणाऱ्यांना कोणती फिल्म कोणत्या गटातली हे सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरचाही रुग्णावर जीव असतो, बरा झालेला बघायची इच्छा असते. ती इच्छा मोजमापात उतरू नये म्हणून ही काळजी.

पुढे ही चिठ्ठी दवाखान्यातून गावात आली. राजस्थानात उदयपूरकडच्या १३४ गावांत असाच एक प्रयोग झाला. काही गावांत नेमाने लसीकरणाची शिबिरं, काही गावांत शिबिराबरोबर दर लसीला किलोभर डाळ, आणि बाकीच्या गावांत नेहमीची सोय. नेहमीच्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, शिबिराच्या गावांत १८ आणि डाळीच्या गावांत ३९. या धाटणीच्या कामासाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, पण त्याची हद्दही मुलांना दाखवावी लागते. डाळीने फरक पडला हे आकड्यांनी सांगितलं. आई शिबिराला का येत नव्हती, आणि बीडमधल्या पाटोद्याच्या तांड्यावरही असंच घडेल का, हे त्या आकड्यांत नाही.

आणि कितीतरी प्रश्न असे, की तिथे चिठ्ठी टाकताच येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं मेली. मराठवाड्यात माझ्या वयाच्या प्रत्येकाला ती सकाळ आठवते. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे पक्का, स्थिर खडक समजला जायचा. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

आता भूशास्त्रज्ञ काय करणार? दहा तालुके घेऊन पाचांत भूकंप घडवता येत नाही. तो एकदाच घडला. अशा वेळी पद्धत वेगळी लागते: होऊ शकतील तेवढी स्पष्टीकरणं समोर मांडायची आणि प्रत्येकाला विचारायचं, तू खरं असशील तर आणखी काय दिसायला हवं? कुणी म्हणालं, जवळच्या तेरणा धरणाच्या पाण्यामुळे झालं. ठीक आहे. तसं असेल तर धक्क्यांचं प्रमाण पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली व्हायला हवं, जसं कोयनेला दिसतं. दुसऱ्यांचं म्हणणं, जमिनीखाली जुनी कमकुवत भेग असेल. मग ती कुठेतरी सापडायला हवी. त्यासाठी किल्लारीत खोल बोअर घेतलं. सुमारे ३४० मीटर काळा बेसाल्ट, आणि त्याखाली फार जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. १९९२ मध्येही त्या भागात बारीक धक्के बसले होते, त्यांच्या नोंदी पुन्हा काढल्या. आज बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात ते खालच्या जुन्या कमकुवत भागाकडे. २००२ साली देशाचा भूकंप नकाशा बदलला. सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला.

त्याच पहाटेबद्दल बांधकामाचा अभियंता भलताच प्रश्न विचारतो: ६.२ च्या धक्क्याने इतकी माणसं का मेली? तो ढिगारे बघतो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. कुडाच्या हलक्या खोपट्यातली माणसं वाचली आणि वाड्यातली गेली. समाजशास्त्राची मुलगी तीस वर्षांनी नव्या गावठाणात जाते आणि विचारते, रुंद रस्ते मिळाले, सिमेंटची घरं मिळाली, पण जुन्या गल्लीतली भावकी कुठे कुठे विखुरली? घटना एकच. कुणाचा पुरावा बोअरमधला खडक, कुणाचा पडलेली भिंत, कुणाचा म्हातारीच्या तोंडची हकिकत. यात कुणाचं शास्त्र वरचं आणि कुणाचं खालचं, हा वाद मला व्यर्थ वाटतो. म्हातारीची हकिकत भूकंपाची तीव्रता सांगणार नाही, आणि भूकंपमापक गल्लीबद्दल काही सांगणार नाही.

गणित मात्र सगळ्यांपासून अलग बसतं. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं गोल्डबाख यांनी १७४२ साली सुचवलं. ८ म्हणजे ३ आणि ५, २० म्हणजे ७ आणि १३. संगणकाने चारावर अठरा शून्यं एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून पाहिलं आहे, एकही अपवाद नाही. दुसऱ्या कुठल्याही शास्त्रात एवढा पुरावा डोक्यावर घेऊन नाचले असते. गणितात ते अजून अनुमानच, कारण सिद्धता नाही.

पुराव्याचा आणखी एक प्रकार पैठणला आहे, आणि त्याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. हाताने नकला होत होत तीनेकशे वर्षांत तिच्यात वेगवेगळे पाठ शिरले. कुणी शब्द चुकवला, कुणी जुना शब्द कळेना म्हणून सोपा घातला, कुणी भक्तीच्या भरात पदरची ओवी जोडली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं, की यापुढे कुणी यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल. आजच्या भाषेत हे पाठचिकित्सेचं काम.

पाठचिकित्सा करणारा आज काय करतो? मिळतील तेवढी हस्तलिखितं समोर मांडतो आणि चुका जुळवतो. बरोबर शब्द दहा जणांनी सारखा लिहिला, तर त्यातून फार कळत नाही. पण तीन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल, तर त्या तिघी एकाच पोथीवरून उतरल्या असणार. चुकांवरून पोथ्यांचं घराणं लागतं. आणि दोन पाठांत एक सोपा, एक अवघड असेल, तर बहुधा अवघड जुना, कारण नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. मराठीत एम.ए. करून आलेली मुलं “आमच्या विषयात पद्धत अशी नसते, मॅडम” असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. पैठणला चारशे वर्षांपूर्वी हे काम झालेलं आहे.

इतिहासाच्या मुलांना मी आधी तारखा वाचायला लावते. एका मुलाने जुन्या उर्दू कागदावर ‘सन १३४५’ वाचलं. हिजरी समजून त्याने १९२६ धरलं आणि त्यावर दोन पानं लिहिली. पण त्या कागदावरचा तहसीलदार दुसऱ्या एका कागदात त्या साली भलत्याच तालुक्यात होता. मेळ बसेना. मग लक्षात आलं, निजामाच्या महसुली कागदांत ‘फसली’ सन, म्हणजे पीकपाण्याच्या हिशोबाचं वेगळं सन, असतं. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९३५. नऊ वर्षांचा घोळ. तो सापडला तो दुसऱ्या कागदामुळे. इतिहासात एकट्या कागदावर विसंबायचं नाही: कुणी लिहिला, कधी, कुणाला दाखवायला, आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा कागद काय म्हणतो? २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना ठिकठिकाणी बोलावणं येऊ लागलं. हे वाचक आपल्याकडे मोजके उरलेत, याची मला मनापासून काळजी वाटते.

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्टही सांगते. परीक्षक म्हणून माझ्याकडे एकदा एक प्रबंध आला. शंभर शिक्षक, पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, पाच गृहीतकं. शेवटच्या प्रकरणात पाचही गृहीतकं ‘सिद्ध झाली’. एकही फसलं नाही. मी मागचे काही प्रबंध चाळले, तिथेही तेच. ज्या मुलाने तीन वर्षं घातली त्याच्यावर मला राग काढायचा नाही. गृहीतक फसलं तर डिग्री अडकेल अशी भीती त्याला कुणीतरी घातलेली असते. पण जे फसूच शकत नाही ते तपासलं तरी कशासाठी? हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. २०१५ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या शंभरांतल्या ९७ अभ्यासांत ठळक निकाल होता. पुन्हा केल्यावर साधारण ३६ टक्क्यांतच तो टिकला. ही बातमी वाचून काहींना त्या शास्त्राची लाज वाटली. मला आदर वाटला. स्वतःचं घर असं झाडून घेणारी शास्त्रं फार नाहीत.

माझी एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर काम करते. विषय तिचा स्वतःचा, तिची आत्या तोडीला जायची. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरातल्या जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. आकडा अंगावर येतो. पण त्या मुलीला मी म्हणाले, दोन आकडे शेजारी मांडण्याआधी वयोगट सारखे आहेत का बघ. आणि खरी तुलना तुझ्याच गावात आहे: तोडीला न जाणाऱ्या, त्याच वयाच्या, त्याच ऐपतीच्या बायकांत हे प्रमाण किती? नाहीतर काळ्या रानातल्या आणि मुरमाडातल्या पोत्यांची तुलना होईल.

पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसं गावी परतली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. तिच्या हातात चार पानांची प्रश्नावली होती. पहिल्याच घरी बसलो. मजुरांची टोळी नेणारा मुकादम ओट्यावर येऊन टेकला, आणि बाई प्रत्येक उत्तराआधी त्याच्याकडे बघू लागल्या. आम्ही उठलो. रात्री भाकरी झाल्यावर पुन्हा गेलो, चुलीपाशी.

“मावशी, तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?”

“महिन्याचं?” बाईंनी परात बाजूला सारली. “आमचं महिन्याचं नसतंय काही. उचल असती. कोयत्याची.”

“मग तुमच्या एकटीची किती?”

“एकटीचा अर्धा कोयता, बाई. अर्ध्याला कोण उचल देतंय?”

उचल म्हणजे तोडीआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोब कोयत्याचा, सही नवऱ्याची. प्रश्नावलीतला ‘मासिक वैयक्तिक उत्पन्न’ हा रकाना त्या बाईच्या आयुष्यात नव्हताच. तिथे कोणताही आकडा भरला असता तरी तो संगणकात गेला असता, सरासरी निघाली असती, तक्ता झाला असता. पुढच्या पानावर ‘गर्भाशय शस्त्रक्रिया झाली आहे का?’ असा प्रश्न होता. त्यावर बाई गप्प. मुलीने तो बाजूला ठेवून विचारलं, “मावशी, पिशवी काढलीय का?” तेव्हा बाई बोलायला लागल्या ते अर्धा तास. फडात आडोसा नसतो ते, पाळीच्या दिवसांत मोळी उचलायची ते, खाडा पडला की उचलीतून पैसे कापतात ते, आणि डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली ते. खाडा हा शब्द प्रश्नावलीत कुठेही नव्हता.

एका बाईच्या बोलण्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे ती मुलगी आता जाणते. बोलण्यातून तिला शंका मिळाली, ती तपासायला आकडे लागतील, आणि त्या आकड्यांचे रकाने बायकांच्या शब्दांतून पाडावे लागतील. खाड्याची शंका खरी असेल, तर ज्या टोळीत खाड्याचे पैसे कापत नाहीत तिथल्या बायकांत पिशवी काढायचं प्रमाण कमी दिसायला हवं. नाही दिसलं, तर तिची शंका चूक.

तिने महिन्याचा रकाना खोडला आणि नवे सहा प्रश्न लिहिले. उचल किती, कुणाच्या हातात पडली, खाडे किती झाले, असे. ते आधी पाच बायकांना वाचून दाखवायचे, मग छापायचे, असं आमचं ठरलं होतं. चौथ्या घरी म्हातारीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “फिटली का, हे इचारायचं न्हाई का?”

मुलीने तिथेच पेन काढून सातवा प्रश्न लिहिला: उचल फिटली का? नसेल तर किती अंगावर राहिली?